सिस्टर, मशीन खोटं दाखवतंय का?

वाचकांचे प्रश्न : रक्तदाब आणि रोजचं ताट

मे महिना आला की आमच्या टपालाचाही रक्तदाब वाढतो. १७ मे हा जागतिक उच्च रक्तदाब दिन. पेपरात छापून येतं, कॉलनीत मोफत तपासणीचे फलक लागतात, वर्षभर दंडाला पट्टा न लावलेली माणसं तो लावून घेतात आणि आकडा बघून मला पत्र लिहितात. नव्या वाचकांसाठी सांगते, मी इंदूरच्या एका सरकारी इस्पितळातून मेडिसिन वॉर्डाची सिस्टर इनचार्ज म्हणून निवृत्त झाले. आता रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत मराठी मंडळांच्या मदतीने रक्तदाब मोजते आणि लोकांच्या स्वयंपाकघरात नाक खुपसते. मी डॉक्टर नाही. गोळी लिहून देणं, बदलणं किंवा बंद करणं माझ्याकडून होणार नाही, पत्रातून तर नाहीच. बाकी काय विचारायचं ते विचारा.

प्रश्न : आमचं मंडळ दर गणेशोत्सवात मोफत रक्तदाब तपासणी शिबिर घेतं. गेल्या वर्षी दीडशेवर लोकांनी लाभ घेतला, पेपरात फोटोसकट बातमी आली. यंदा उपक्रम वाढवायचा विचार आहे. दुसरं मशीन घ्यावं का? आणखी काय करता येईल? — मंडळाचे सचिव, सुदामा नगर

सचिवसाहेब, मशीन नका घेऊ. एक जाड वही घ्या आणि लोकांच्या घरी जाऊन दार वाजवायला न लाजणारी दोन माणसं शोधा.

तुमच्या पत्रात लाभ घेणाऱ्यांचा आकडा आहे, पाहुण्यांचं नाव आहे, बातमीचं कात्रणही जोडलंय. पण त्या दीडशेंपैकी किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या वर निघाला आणि त्यातले किती दिवाळीच्या आत डॉक्टरकडे जाऊन आले, ते कुठेच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी गोळी चालू होती. म्हणजे तुमच्या मांडवात दर चार-पाच माणसांमागे एक. ती सापडायला वेळ लागत नाही. सापडल्यावर निसटतात, आणि तुमचं खरं काम तिथून पुढे आहे.

आधी मोजण्याचं बघू. मंडळांची शिबिरं कशी चालतात ते मला ठाऊक आहे. आरती आटोपते, स्पीकर चालूच असतो, माणूस दोन जिने चढून येतो, पाठ न टेकता प्लास्टिकच्या स्टुलावर बसतो, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो, हात लोंबकळत असतो आणि तो शेजारच्याशी प्रसादाच्या यादीबद्दल बोलत असतो. यातली प्रत्येक गोष्ट आकडा वर ढकलते. नुसत्या बोलण्याने वरचा आकडा सहज १० ने चढतो. दंड जाड आणि पट्टा लहान असला तरी आकडा जास्तच येतो, म्हणून मोठा पट्टा जवळ असू द्या. खर्च करायचाच असेल तर त्यावर करा.

मांडवापासून लांबची एखादी खोली घ्या. पाठ टेकता येईल अशा खुर्च्या मांडा. आलेल्या माणसाला पाच मिनिटं नुसतं बसू द्या. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, सिगारेट झाली नाही ना, ते विचारा. लघवीला जाऊन यायला सांगा. पावलं जमिनीला टेकलेली, पायावर पाय नाही, दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मोजताना गप्प बसायचं, मोजणाऱ्यानेही. (आपल्या लोकांना हा नियम सगळ्यात जड जातो.) एक मिनिट सोडून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. दीडशेच्या जागी साठ लोक होतील. होऊ देत.

आता वही. नाव, वय, फोन, दोन्ही आकडे, गोळी चालू आहे का, हे तुम्ही लिहीतच असाल. त्यापुढे तीन रिकामे रकाने आखा : दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. ज्यांचा आकडा वाढलेला आहे त्यांचेच रकाने भरायचे, आणि ते भरायला माणसाने घरी जायचं. मोबाइलवर ‘आपला बीपी तपासून घ्यावा ही विनंती’ असा निरोप धाडून भागत नाही. तसे निरोप लोक सुप्रभाताच्या फुलांबरोबर पुसून टाकतात.

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये ५२ न्हाव्यांच्या दुकानांत एक अभ्यास झाला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय पुरुष दवाखान्यात जायला नाखूश, पण केस कापायला ठरल्या दुकानात नेमाने जाणारे. काही दुकानांत न्हाव्याने नुसता सल्ला दिला : जपा, डॉक्टरला भेटा. बाकीच्या दुकानांत औषधतज्ज्ञ येऊन बसायचा, तिथल्या तिथे रक्तदाब मोजायचा आणि डॉक्टरांशी ठरवून घेतलेल्या पद्धतीने औषध सुरू करायचा, वाढवायचा. सहा महिन्यांनी सल्लावाल्या दुकानांत वरचा आकडा सरासरी ९ ने उतरला होता, औषधतज्ज्ञाच्या दुकानांत २७ ने. फार लांबचं उदाहरण वाटत असेल तर आपल्या शेजारचं घ्या. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंकेतल्या गावांमध्ये सरकारच्याच आरोग्य कार्यकर्त्या घरोघरी जाऊन मोजत, समजावत आणि वाढलेल्यांना दवाखान्याशी जोडून देत राहिल्या. दोन वर्षांनी त्या गावांतला वरचा आकडा इतर गावांपेक्षा सरासरी ५ ने जास्त उतरला होता. ५ म्हणजे किरकोळ वाटतं. अख्ख्या वस्तीचा आकडा तेवढा उतरला तर पक्षाघाताचे कितीतरी झटके टळतात.

आपल्याकडे औषध लिहून देणारा माणूस मांडवात बसवता येणार नाही, बसवूही नका. पण तुमच्या भागातला सरकारी दवाखाना, म्हणजे संजीवनी क्लिनिक, कुठे आहे ते शोधा आणि तिथल्या डॉक्टरांना आणि आशाताईंना शिबिराआधी भेटून या. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला, त्याच्या पहिल्या पाच राज्यांत मध्य प्रदेश होता. त्यातलं तत्त्व साधं आहे : ठरावीक थोडी औषधं, घराजवळ, फुकट, महिनाभराची एकदम, आणि कोण परत आलं नाही याची नोंद. ही शेवटची नोंद तुमच्या वहीशी जुळली तर अर्धं काम झालं.

आणि एक राहिलं. शिबिरानंतरच्या अल्पोपहाराचा फोटो तुम्ही हौसेने पाठवलाय. पोहे, वर मूठभर सेव, बाजूला कचोरी आणि जिलबी. पाठीमागे फलक : ‘मीठ कमी, आयुष्य जास्त’. यंदा निदान कचोरी तरी गाळा!

प्रश्न : सासरे ७४ वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. मी भाजी-आमटीत कमी घालते, तर ते पहिल्या घासाला जीरावन मसाल्याची बाटली उचलतात. सेव तर वरण-भातावरही लागते. बोललं की म्हणतात, जन्म गेला इंदुरात, आता सेवेशिवाय जेवू का? घरात रोज वाद. — एक सून, लोकमान्य नगर

ताई, सासऱ्यांचं म्हणणं मला कळतं. मीही इथलीच. पोह्यांवर सेव नसेल तर मलाही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

पण तुमच्या भांडणात एक गोम आहे. तुम्ही फक्त त्यांच्यासाठी मीठ कमी केलंय. त्यांच्या वाटीत वेगळी आमटी, बाकीच्यांच्या वाटीत नेहमीची, असं असेल तर ते जीरावन उचलणारच. आजाऱ्याची वाटी कुणालाच नको असते. कमी करायचं तर सगळ्या घराचं करा, आणि हळू करा. आठवड्याला थोडं थोडं. जिभेला नवी चव अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. एकदम अळणी वाढलंत तर चौथ्या दिवशी घरात बंड होईल.

किती कमी, ते मोजून ठरवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, साधारण एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, सेव, सगळं धरलेलं आहे. भारतात सरासरी खाल्लं जातं ते याच्या जवळपास दुप्पट. घरात मिठाचं नवं पाकीट फोडाल तेव्हा त्यावर तारीख लिहा. चार मोठी माणसं ५ ग्रॅमने जेवली तर एक किलोचं पाकीट ५० दिवस पुरायला हवं. महिन्यात संपलं तर माणशी ८ ग्रॅमच्या वर जातंय, आणि दुकानातून आलेल्या नमकीनमधलं मीठ त्यात आलेलंच नाही. हा हिशोब सासऱ्यांनाच करायला द्या. निवृत्त पुरुषांना आकड्यांचं काम दिलं की ते आपल्या बाजूला येतात, असा माझा अनुभव आहे. लोकमान्य नगरातल्याच एका महिला मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पाच मिलीचा स्टीलचा चमचा दिला होता. प्लास्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा मला ते फार आवडलं.

आता जीरावन. बाजारच्या जीरावनात काळं मीठ आणि साधं मीठ भरपूर असतं. घरी करा. जिरं, धने, बडीशेप, दोन लवंगा, थोडी दालचिनी, मिरी, तमालपत्र आणि सुकी लाल मिरची वेगवेगळं मंद भाजायचं. जिरं भाजताना घाई नको; रंग गडद झाला आणि वास घरभर सुटला की उतरवा, काळं पडलं तर कडू होतं. गार करून सुंठ आणि चिमूटभर हिंग घालून दळा. शेवटी आमचूर, आणि तो हात सैल सोडून घाला, कारण मिठाची जागा आंबटच घेतं. काळं मीठ वासापुरतं, नखावर मावेल एवढं. बाटली तीच जुनी ठेवा आणि टेबलावर त्याच जागी ठेवा. काही बोलू नका.

सेवेचं असं करा. कढईत किंवा ताटलीत आधीच मिसळून वाढू नका. सगळ्यात शेवटी, वरून, छोट्या चमच्याने. मिसळलेली सेव मऊ पडते, मग कुरकुरीत हवी म्हणून पुन्हा वरून येते, म्हणजे दोनदा. वरण-भातावर मात्र लिंबू आणि साजूक तुपाचे चार थेंब, तिथे सेवेचं काय काम? पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, तो वाचायची सवय लावा. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. समजा १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय, तर २ ग्रॅम मीठ झालं.

पोह्यांना मात्र दोष देऊ नका. आपले इंदुरी पोहे वाफेवर शिजतात, तेल कमी असतं. त्यात वाटाणा, कांदा, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे घाला आणि लिंबू पिळा, खुशाल रोज खा. घोळ वरच्या दोन थरांत आहे. ठेल्यावर भैया विचारतो, ‘जीरावन और डालूं क्या?’ तेव्हा नको म्हणायचं, एवढंच सासऱ्यांना शिकवा.

प्रश्न : वय ३४, विजय नगरला आयटी कंपनीत आहे. शिबिरात १५२/९६ आलं. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, जिममध्येही जातो (अधूनमधून). मशीन चुकीचं दाखवत असेल ना? आई मागे लागली म्हणून लिहितोय. — विजय नगर

आईला माझा नमस्कार सांग.

मशीन चुकू शकतं, वर शिबिरांची तऱ्हा सांगितलीच आहे. म्हणून एका आकड्यावर कुणी गोळी सुरू करत नाही, आणि त्याच कारणाने तो एक आकडा विसरायचाही नसतो. दंडावर लावायचं मशीन आण, मनगटाचं नको, ते हाताच्या उंचीने बदलतं. सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी, शांत बसून, दरवेळी दोनदा मोज. पहिल्या दिवसाचे आकडे सोड, उरलेल्यांची सरासरी काढ. घरी मोजताना रेषा १३५/८५ ची धरतात. तिच्या वर असशील तर तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा. ते लघवी, क्रिएटिनिन, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी सांगतील. कटकट करू नकोस. तुझ्या वयात रक्तदाब वाढला तर किडनी किंवा थायरॉइडचं काही नाही ना, हेही बघावं लागतं. रात्री मोठ्याने घोरतोस का, हे आईला विचार आणि डॉक्टरांना सांग. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचा रक्तदाब वाढतो.

डोकं दुखत नाही, हा कसला पुरावा? वॉर्डात आयुष्य काढलं मी. अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाच्या बायकोला विचारावं, बीपी होतं का? तर उत्तर ठरलेलं : त्रास कधीच नव्हता हो. रक्तदाब वाढलेल्या बहुतेकांना काहीही जाणवत नाही. तो आतल्या आत हृदयाची भिंत जाड करत असतो, किडनीच्या बारीक नळ्या खराब करत असतो.

आता खाण्याचं. विजय नगरहून छप्पन दुकान जवळ, आणि शनिवारी रात्री सराफा. सराफ्यात जाऊ नको असं मी म्हणणार नाही, मला इंदुरात राहायचंय. पण रात्री अकराला भुट्ट्याचा कीस, मग गराडू, त्यावर जीरावन, मग साबुदाण्याची खिचडी, मग जिलबी, घरी यायला दीड. मीठ, तेल, साखर आणि जागरण एकाच रात्रीत. महिन्यातून एकदा जा, पोटभर चालून ये, दोन पदार्थ चौघांत वाटून खा. तुझी खरी अडचण शनिवारची नाहीच, सोमवार ते शुक्रवारची आहे : ऑफिसात मागवलेला नूडल्सचा डबा, चार वाजता कचोरी, रात्री पिझ्झा. डबा घरून ने.

वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकने उतरतो, असा ढोबळ हिशोब आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, दम लागेल पण बोलता येईल इतपत. ‘अधूनमधून’ जिम यात बसत नाही. दारूचं तू लिहिलं नाहीस. पीत असशील तर डॉक्टरांना खरं सांग. गुटख्याचंही तसंच.

आणि हो, फळं-भाज्या. १९९७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला, त्यात लोकांना फळं, भाज्या आणि कमी चरबीचं दूध-दही भरपूर असलेलं जेवण आठ आठवडे दिलं. मीठ तेवढंच ठेवलं, वजनही बदलू दिलं नाही. ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता त्यांचा वरचा आकडा नेहमीचं जेवण जेवणाऱ्यांपेक्षा सरासरी ११ ने उतरला. पहिल्या दोन आठवड्यांतच फरक दिसायला लागला होता. म्हणजे आईची मेथी, पडवळ, दुधी आणि ताक. पैसे देऊन हेच सल्ले विकणारे आहेत, तुला घरी फुकट मिळतंय.

प्रश्न : उपासाला सैंधव चालतं, त्याने बीपी वाढत नाही असं ऐकलंय. आणि बाजारात मिळणारं ‘कमी सोडियमचं’ मीठ घ्यावं का? — एक काकू, राजेंद्र नगर

काकू, सैंधव उपासाला चालतं, रक्तदाबाला तो साध्या मिठासारखाच. बहुतेक सगळा सोडियम क्लोराइडच असतो. शिवाय बहुतेक सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं, म्हणून रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरा, फक्त कमी. उपासाच्या दिवशी मीठ सुटलं असं समजू नका. फराळी चिवडा, वेफर्स, खारे दाणे, साबुदाण्याचे पापड, एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते मिठालाही लागू आहे. भगर, ताक, राजगिऱ्याची भाकरी, रताळं, काकडीची कोशिंबीर असा उपास करून बघा.

कमी सोडियमच्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत साधारण २१ हजार लोकांवर याचा मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निकाल आले. ते मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. गोष्ट चांगली आहे. पण ज्यांची किडनी अशक्त आहे किंवा ज्यांना रक्तात पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत (टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या जातीच्या), त्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. तुम्हाला कोणती गोळी आहे ते पत्रात नाही. गोळीची पट्टी डॉक्टरांना दाखवा, मग पाकीट आणा.

प्रश्न : माझं बीपी आता १२६/८० असतं, म्हणून मी महिन्यापूर्वी गोळी बंद केली. सकाळी दुधीचा रस आणि जेष्ठमधाचा काढा घेतो. गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून दुखण्याची गोळी आणतो. एकदा गोळी लागली की जन्मभर लागते म्हणतात, ते टाळायचं होतं. — वय ६८, रामबाग

काका, १२६ हा आकडा गोळीने आणला होता. बंद केल्यानंतर मोजलंय का? पत्रात ते नाही. आजच मोजा.

जेष्ठमधाने रक्तदाब वाढतो. शरीरात सोडियम धरून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं, विशेषतः रोज घेतलं तर. काढा थांबवा. मेडिकलवाल्याच्या दुखण्याच्या गोळ्यांपैकी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही रक्तदाब वाढवतात आणि किडनीला त्रास देतात. गुडघा डॉक्टरांनाच दाखवा. दुधीचा रस कडू लागला तर घोटभरसुद्धा गिळू नका, थुंका. कडू दुधीने उलट्या, पोटात रक्तस्राव, माणूस दगावण्यापर्यंत प्रकार झाले आहेत. त्यापेक्षा दुधीची भाजी करून खा.

गोळी बहुतेकांना लांबच चालू राहते हे खरं. चष्माही जन्मभर लागतो, तो तुम्ही महिन्याने काढून ठेवला नाहीत. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर डॉक्टर मात्रा कमी करतात, कधी थांबवतातही, पण मोजत मोजत. गोळीने पाय सुजतात, खोकला येतो, चक्कर येते असं काही झालं असेल तर तेही सांगा, दुसरी गोळी मिळते. मुकाट्याने बंद करण्यात काही शहाणपण नाही.

प्रश्न : मी चार घरी स्वयंपाक करते. हे पत्र मुलगी लिहून देतेय. एका घरी म्हणतात मीठ घालूच नको, दुसऱ्या घरी म्हणतात काही चवच नाही. बरोबर काय ते सांगा म्हणजे तसं घालीन. माझं पण डोकं जड असतं, पण मी कधी मोजलं नाही. वय ४६. — सुदामा नगरजवळ

मावशी, तुमचं पत्र सगळ्यात शेवटी आलं, पण मला वाटतं ते सचिवसाहेबांनी सगळ्यात आधी वाचावं. चार घरांतल्या माणसांच्या पोटात रोज किती मीठ जातं ते तुमच्या हातात आहे, आणि शिबिरांच्या यादीत तुमचं नाव कधी नसतं, कारण आरतीच्या वेळी तुम्ही कुणाच्या तरी ओट्यापाशी उभ्या असता.

आधी तुमचं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा रक्तदाब सरकारी केंद्रात फुकट मोजतात. तुमच्या वस्तीतल्या आशाताईला विचारा, संजीवनी क्लिनिक कुठे आहे आणि कधी उघडं असतं. कामावर जाण्याआधी जमत नसेल तर एका घरी अर्धा तास उशिरा येईन म्हणून सांगा. तुमच्या हातचं जेवणाऱ्यांनी एवढं समजून घ्यायला हवं. डोकं जड असण्याची दहा कारणं असतात, झोप कमी, चष्मा, रक्त कमी. मोजल्याशिवाय कळणार नाही. रक्तही तपासून घ्या. आकडा १८०/११० च्या घरात आला तर दुसऱ्या दिवसावर टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. आणि छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, यातलं काही तुम्हाला झालं किंवा तुमच्या कुठल्याही घरात कुणाला झालं, तर १०८ ला फोन. लिंबू-पाणी पाजत बसायचं नाही.

सकाळपासून दोनपर्यंत तुम्ही काय खाता? बहुतेक बायका चहा-टोस्टवर असतात, मध्ये परमल (कुरमुरे) आणि सेव. परमल खा, सेव थोडी, बरोबर भाजलेले चणे, पेरू नाहीतर केळं. मिसरी लावत असाल तर ती सोडायला बघा. एकदम नाही सुटली तर क्लिनिकमध्ये मदत मागा, रागावणार नाहीत.

आता मिठाचं. पोळीच्या कणकेत मीठ घालू नका. भाजीबरोबर खाताना कुणाला कळत नाही, करून बघा. भातात नाही. भाजीत सुरुवातीला न घालता शेवटी घाला, कमी घालूनही लागतं. ज्या घरी एकाला कमी हवंय आणि बाकीचे कुरकुरतात, तिथे सगळ्यांचं एकच करा आणि लिंबाच्या फोडी, हिरवी मिरची, भाजलेल्या जिऱ्याची पूड ताटाबाहेर ठेवा. दाण्याचं कूट, ओलं खोबरं, चिंच, आमसूल, लसूण यांनी चव उभी राहते. आयत्या मसाल्याची पाकिटं वापरत असाल तर त्यात मीठ असतंच, मग वरून वेगळं घालताना हात आवरा. सोडा घालून केलेली भजी, ढोकळा, नरम पडावे म्हणून सोडा टाकून शिजवलेले छोले, त्या सोड्यातही सोडियम असतं. ‘मीठ घालूच नको’ म्हणणाऱ्या घरी विचारा, डॉक्टरांनी खरंच अजिबात नको सांगितलंय का? बहुतेकदा कमी करा एवढंच सांगितलेलं असतं, आणि मग ती माणसं अळणी भाजीबरोबर अख्खं लोणचं संपवतात.

चार घरी चार प्रकार करू नका, एकच हात ठेवा. कुणी काही म्हणालं तर हे पान दाखवा.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना नुसतं ‘बीपी जास्त आहे’ लिहू नका. वरचा आणि खालचा दोन्ही आकडे, तारीख, सकाळ की संध्याकाळ, कोणती गोळी आणि ती खरंच रोज घेता का, एवढं लिहा. सचिवसाहेब, तुम्ही वहीच्या पहिल्या दोन पानांचा फोटो पाठवा, नावं झाकून. पाहुण्यांचा नको.